कोरियात जेवायचं कुठे? आधी पदार्थ, मग गाव, मग दुकान

बुसानच्या सॉम्यॉन बाजारात गुकबापची एक गल्ली आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, दारातच भलीमोठी पातेली, आणि त्यांत डुकराच्या हाडांचं पांढरट सूप रटरटत असतं. मी पहिल्यांदा तिथे गेले ते सकाळी आठला. आत जाऊन बसले आणि मेन्यूकार्डाची वाट बघत राहिले. कार्ड आलंच नाही. एक बाई आल्या, एक बोट वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. पाच मिनिटांत समोर उकळतं मातीचं भांडं, आणि त्याच्याभोवती सात-आठ वाट्या: मुळ्याची किमची (म्हणजे तिखट लावून आंबवलेली भाजी), तिखट लावलेली चिनी लसणीची पात, कच्चा कांदा, हिरव्या मिरच्या, थोड्याशा पांढऱ्या शेवया, आणि एका छोट्या वाटीत खारवलेला जवळा. सूप अळणी होतं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खुणेनं दाखवलं की तो जवळा सूपमध्ये घालायचा असतो, मीठ त्यातूनच येतं. घातला, ढवळला, आणि त्या एका चमच्यासरशी सूप बदलून गेलं.

मला कार्ड मिळालं नाही, कारण त्या दुकानात निवडायला काही नव्हतंच. तिथे द्वेजी गुकबाप मिळतं, म्हणजे डुकराच्या मांसाचं सूप आणि भात. येणारा तेच खायला येतो. किती जण, एवढंच विचारायचं उरतं.

कोरियात चांगलं जेवण शोधण्याची सगळी मेख इथेच आहे. आपण नव्या शहरात गेलो की विचारतो, ‘इथे चांगलं रेस्टॉरंट कुठलं?’ कोरियन माणसाला या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही. ‘इथे चांगलं कालगुक्सू, म्हणजे हातानं कापलेल्या शेवयांचं सूप, कुठे मिळतं?’ असं विचारलंत तर तो लगेच बोलायला लागतो, बऱ्याचदा हात धरून नेतो. कोल्हापुरात मिसळ खायची तर आपण मिसळीच्या दुकानात जातो. डोसा, पावभाजी, पिझ्झा आणि शिवाय मिसळ, असा बोर्ड लावलेल्या ठिकाणी जात नाही. कोरियात हाच न्याय जवळजवळ प्रत्येक पदार्थाला लागू आहे. हातानं कापलेल्या शेवयांचं दुकान वेगळं, डुकराच्या पायांचं वेगळं, मऊ टोफूच्या रश्श्याचं वेगळं, थंड शेवयांचं वेगळं. पाटीवर मालकाच्या नावाआधी पदार्थाचं नाव असतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पदार्थ ठरवायचा, मग तो पदार्थ ज्या गावाचा किंवा ज्या गल्लीचा आहे तिथे जायचं, आणि दुकान सगळ्यात शेवटी निवडायचं. बहुतेक प्रवासी नेमकं उलट करतात. आधी मोबाईलवर दुकान शोधतात, आणि आत गेल्यावर काय खायचं ते ठरवतात.

पदार्थाला पत्ता असतो तो उगाच नाही. बुसानचंच बघा. 1950 ते 1953 च्या युद्धात उत्तरेकडून लाखो निर्वासित या दक्षिण टोकाच्या बंदरात येऊन पोचले. त्यांना त्यांच्याकडची नेंगम्यॉन हवी होती, म्हणजे बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाच्या थंड शेवया. बकव्हीट मिळेना, पण अमेरिकन मदतीतून आलेलं गव्हाचं पीठ मिळत होतं. मग गव्हाच्याच शेवया करून थंड सूपमध्ये घालायला लागले. तीच आजची मिलम्यॉन. ‘मिल’ म्हणजे गहू. सोलमध्येही मिलम्यॉन मिळते, पण बुसानमध्ये ती उन्हाळ्याच्या दुपारी वाडगाभर बर्फासकट समोर येते आणि आसपासची सगळी माणसं मान खाली घालून तीच खात असतात. सोलच्या उत्तरेला उइजॉंगबू आहे. तिथल्या अमेरिकन छावण्यांतून बाहेर येणारं डबाबंद मांस आणि सॉसेज किमचीच्या रश्श्यात पडलं आणि बुदे-जिगे तयार झालं. ‘बुदे’ म्हणजे लष्करी तुकडी. गांगनुंगच्या छोदांग भागात टोफू समुद्राच्या पाण्यानं घट्ट करतात, म्हणून तो तिथेच जाऊन खायचा. छुनछॉनला तव्यावरची तिखट कोंबडी, म्हणजे ताक-काल्बी. जॉन्जूला बिबिंबाप, म्हणजे वर भाज्या घालून कालवायचा भात, आणि मोड आलेल्या सोयाबीनचं गुकबापही. जेजू बेटावर काळं डुक्कर. सुवॉनला बीफच्या बरगड्या.

सोलमध्ये हेच काम गल्ल्या करतात. सिनदांग-दोंगला तॉकबोक्की (तांदळाच्या पिठाच्या कांड्या, तिखट रश्श्यात), जांगछुंग-दोंगला डुकराचे पाय, नामदेमुन बाजारात एका बोळात मुळा घालून शिजवलेला वाकटीसारखा लांब चंदेरी मासा. आणि 1905 पासून चालू असलेल्या ग्वांगजांग बाजारात बिन्देत्तॉक. इथे मराठी माणसानं दोन मिनिटं थांबावंच. भिजवलेले मूग डोळ्यांसमोर विजेवरच्या दगडी जात्यात वाटले जातात, पिवळट पीठ ओघळत भांड्यात पडतं, आणि त्याचं जाडजूड धिरडं भरपूर तेलात कडेनं कुरकुरीत होईस्तोवर तळतात. वास थेट आपल्या स्वयंपाकघरातला. त्यात किमची असते, कधी डुकराचं मांसही असतं, तेवढं विचारून घ्या.

एकदा गल्ली सापडली की नवाच प्रश्न पडतो. एकाच पदार्थाची पंधरा दुकानं, आणि निम्म्यांवर ‘वॉन्जो’ लिहिलेलं. वॉन्जो म्हणजे मूळ, आद्य. लोणावळ्यात चिक्कीची दुकानं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. टीव्हीवर आल्याचे फोटोही जवळजवळ प्रत्येक दारावर असतात, त्यांवर फार विसंबू नका. माझा अनुभव असा की अशा गल्लीत पहिल्या आणि पाचव्या दुकानात फरक थोडा असतो. सगळे एकमेकांच्या नजरेसमोर तेच करत असतात, वाईट करणारा टिकत नाही. जिथे दारात उभं राहून कुणी बाहीला धरून ओढत नाही आणि आत पन्नाशीपुढची कोरियन मंडळी बसली आहेत, तिथे बिनधास्त शिरावं.

गल्लीबाहेर मात्र दुकान वाचता यायला हवं. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे भिंतीवरची छोटी यादी. तीन-चार ओळी, पुढे किमती, संपलं. माझी सगळ्यात वाईट जेवणं झाली ती मोठ्या स्टेशनांच्या आसपास, जिथे चार भाषांतलं, चाळीस पदार्थांच्या फोटोंचं प्लास्टिकचं मेन्यूकार्ड हातात पडलं. एका ठिकाणी तर रस्सा कोमट होता आणि किमची गोड होती. त्या दिवसापासून फोटो मोजायची सवय लागली.

दोन प्रकारच्या खानावळी प्रवाशांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. पहिली ‘पेकबान’. शब्दाचा अर्थ पांढरा भात, पण ती थाळी असते: भात, एक सूप, आणि त्या दिवशी बाजारात जे मिळालं त्याच्या पाच-सात वाट्या. निवड नाही, कारण स्वयंपाक ठरवणारी बाई तुमच्यापेक्षा बाजार जास्त ओळखते. नैऋत्येच्या जॉल्ला प्रांतात या वाट्यांची संख्या बघता बघता वाढते आणि टेबल पुरत नाही. दुसरी ‘किसा शिक्तांग’, म्हणजे टॅक्सीवाल्यांची खानावळ. ड्रायव्हरला लवकर, भरपूर आणि एकट्याला जेवण हवं असतं, पार्किंग हवं असतं, आणि एकदा फसवलं की तो परत येत नाही. बाहेर टॅक्सींची रांग दिसली की समजावं. आपल्याकडे हायवेवर ट्रक कुठे थांबतात ते पाहून आपण ढाबा निवडतो, तीच गोष्ट.

आता मोबाईल. कोरियात गूगल मॅपवर विसंबून राहू नका. सुरक्षेच्या कारणानं तिथल्या सरकारनं देशाचा बारीक तपशिलांचा नकाशा बाहेर नेण्याची परवानगी वर्षानुवर्षं दिली नाही. 2016 मध्ये गूगलची विनंती नाकारलीही होती. त्यामुळे चालत जायचा रस्ता दाखवण्यात ते लंगडं राहिलं, आणि स्थानिक लोक आपली मतं तिथे लिहीतच नाहीत. ते लिहितात नेव्हर मॅपवर आणि काकाओमॅपवर. दोन्ही घालून घ्या. नेव्हर मॅप इंग्रजीतही चालतं, पण शोध मात्र कोरियन लिपीत घ्यायचा. भाषांतराच्या ॲपमधून ‘जागेचं नाव आणि पदार्थाचं नाव’ कोरियन लिपीत करून नेव्हरमध्ये चिकटवा, आणि इंग्रजीत शोधल्यावर आलेल्या यादीशी ताडून बघा. दोन वेगळी शहरं असावीत असं वाटेल.

नेव्हरवर जेवणाऱ्याला बिलाचा फोटो चढवून मत देता येतं. म्हणजे तो खरोखर जेवलेला असतो. लांबलचक ब्लॉग मात्र जपून वाचा, कारण फुकट जेवून लिहिणारे तिथेही खूप आहेत. कायद्यानं त्यांना तसं नमूद करावं लागतं. म्हणूनच कोरियन लोक अभिमानानं ‘नेदोन-नेसान’ असं लिहितात: माझा पैसा, माझी खरेदी. हा शब्द दिसला की वाचण्यात अर्थ आहे. काकाओवरचे तारे जास्त कडक असतात असं मानणारे बरेच भेटतात, मलाही तसंच वाटतं. दारावर निळ्या फितीचे स्टिकर दिसले तर ते 2005 पासूनच्या ‘ब्लू रिबन’ या कोरियन मार्गदर्शिकेचे. ‘पेंगन्यॉन कागे’ अशी पाटी दिसली, म्हणजे शब्दशः शंभर वर्षांचं दुकान, तर ती सरकारी मान्यता आहे. 2018 पासून तीस वर्षांहून जुन्या दुकानांना ती देतात. या दोन्ही खुणा मी मिशेलिन या जगप्रसिद्ध रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेच्या ताऱ्यांआधी बघते.

ॲपनं भाषांतर करताना एक सांभाळा: पदार्थांची नावं त्याला पुष्कळदा कळत नाहीत. ‘कोमतांग’ हे बीफचं तासन्‌तास उकळलेलं सूप आहे, पण ‘कोम’ म्हणजे अस्वलही. त्यामुळे मेन्यूवर अस्वलाचं सूप असं येऊ शकतं. म्हणून मी सगळ्यांना एकच आग्रह करते, विमानात बसण्याआधी हांगुल लिपी शिका. राजा सेजोंगनं ती 1446 मध्ये जाहीर केली, ती मुळी सामान्य माणसाला पटकन शिकता यावी म्हणून. आज तिच्यात 14 व्यंजनं आणि 10 स्वर आहेत. बाराखडी गिरवलेल्या आपल्याला ती फार जवळची वाटते, कारण आपल्यासारखंच तिथेही व्यंजन आणि स्वर एका अक्षरात जुळतात. फक्त शेवटचं व्यंजन पायाखाली बसतं. ‘गुक’ लिहायचं तर वर ‘ग’, मधे ‘उ’ची आडवी रेघ आणि तिच्याखाली छोटा दांडा, आणि खाली पुन्हा तेच ‘ग’चं अक्षर. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. त्यानंतर हे शब्द डोळ्यांनी ओळखायचे: गुक आणि तांग म्हणजे सूप, बाप म्हणजे भात, म्यॉन आणि गुक्सू म्हणजे शेवया, जिगे म्हणजे दाट रस्सा, चिप म्हणजे घर, अर्थात दुकान. गोगी म्हणजे मांस, सो म्हणजे गाय, द्वेजी म्हणजे डुक्कर, ताक म्हणजे कोंबडी. एवढ्या भांडवलावर अर्ध्या पाट्या वाचता येतात.

लिपी आली की भिंतीवरचा आणखी एक कागद बोलायला लागतो. कोरियात उपाहारगृहांना मुख्य जिनसा कुठल्या देशातून आल्या ते लावावं लागतं: तांदूळ, बीफ, डुकराचं मांस, कोंबडी, किमचीची कोबी, तिची तिखटपूड. या तक्त्यावर ‘गुंगनेसान’ म्हणजे देशी माल. किमचीची कोबी आणि तिखट दोन्ही देशी असेल तर बहुधा ती दुकानातच घातलेली असते, कारण स्वस्त तयार किमची बाहेरून येते. किमची चांगली असलेल्या दुकानात वाईट रस्सा मला अजून मिळालेला नाही. आणि बीफ किंवा डुक्कर न खाणाऱ्यांना हा तक्ता वेगळ्या कारणानं उपयोगी आहे: त्या दुकानात कुठलं मांस शिजतं ते न विचारता कळतं.

शाकाहारी वाचकांना खरं तेच सांगते. कोरियात शाकाहार अवघड आहे, आणि अडचण दिसणाऱ्या मांसाची नाही, न दिसणाऱ्या सूपची आहे. ‘युक्सू’, म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी, बहुतेक वेळा सुकवलेल्या बारीक माशांचं किंवा हाडांचं असतं. नेहमीच्या किमचीत ‘जॉत्कल’ असतं, खारवलेला जवळा किंवा मासे. ‘गोगी प्पेजुसेयो’, मांस वगळा, असं म्हटलंत तर ते प्रेमानं मांसाचे तुकडे काढून देतील, सूप तेच राहील. गिमबापमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापडीत गुंडाळलेल्या भाताच्या वळकटीत, हॅम, माशांची वडी आणि खेकड्याच्या चवीच्या काड्या या तिन्हींची नावं घेऊन नको म्हणावं लागतं.

पण एक दार सताड उघडं आहे, आणि ते आपल्या ओळखीचं आहे. बौद्ध मठांचं अन्न. त्यात मांस-मासे नाहीतच, शिवाय ‘ओशिन्छे’ म्हणजे पाच उग्र गोष्टीही वर्ज्य: लसूण, पातीचा कांदा, त्याच कुळातल्या आणखी दोन भाज्या, आणि पाचवं नाव ‘हुंगगॉ’. हा आपला हिंग! कोरियाच्या स्वयंपाकात हिंग नाही, पण ‘हिंगु’ हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिथवर पोचला आणि वर्ज्य यादीत कायम राहिला. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरातल्या माणसाला हे जेवण परकं वाटणार नाही. सोलमध्ये जोग्येसा मठाजवळ जोग्ये पंथाचंच ‘बाल्वू गोंग्यांग’ आहे. मिशेलिनच्या सोलसाठीच्या पहिल्या, 2017 च्या यादीत त्याला एक तारा होता. ते महाग आहे. स्वस्तात हवं तर डोंगरातल्या मठांच्या पायथ्याशी रानभाज्यांचं ‘सान्छे बिबिंबाप’ विकणाऱ्या खानावळी असतात. तिथेही सूप आणि किमची विचारूनच घ्या. उन्हाळ्यात ‘खोंगगुक्सू’ शोधा: सोयाबीन वाटून काढलेल्या थंडगार दुधात शेवया, वर काकडी. हंगाम सुरू झाला की दारावर ‘खोंगगुक्सू केशी’ असा कागद लागतो, म्हणजे खोंगगुक्सू सुरू.

असे ‘केशी’चे कागद मांसाहाऱ्यांनीही बघत जावेत. हिवाळ्यात कालवं, वसंतात छोटे ऑक्टोपस, आणि शरदात जॉनॉ नावाचा तेलकट मासा. जॉनॉ भाजल्याचा वास आला की घर सोडून गेलेली सूनसुद्धा परत येते, अशी कोरियन म्हण आहे.

वेळेचं भान ठेवा. कचेऱ्यांचं जेवण बरोबर बाराला सुटतं, त्यामुळे साडेअकराला पोचावं. गुकबापला साधारण 10,000 वॉन पडतात, म्हणजे 600 रुपयांच्या पुढे. तीन ते पाच अनेक स्वयंपाकघरं बंद असतात. सॉल्लाल आणि छुसॉक या सणांना लहान दुकानं कुलपात असतात. कचेऱ्यांच्या भागात रविवारी फिरकू नका. गर्दीच्या दुकानांबाहेर नाव नोंदवायचं यंत्र असतं आणि ते कोरियन मोबाईल नंबर मागतं. अशा वेळी आत जाऊन खुणेनं विचारा, पुष्कळदा कागदावर नाव लिहून घेतात.

एकट्यानं प्रवास करणाऱ्यांना एक दुःख ठाऊक असावं: शेगडीवर भाजायचं मांस आणि मोठ्या भांड्यातले रस्से बहुतेक ठिकाणी दोन माणसांचे, ‘ई-इनबुन’पासूनच मिळतात. मला दोनदा दारातून परत फिरावं लागलं. आता आत शिरतानाच विचारते, ‘हॉन्जा-दो द्वेयो?’ एकटीला चालेल का? गुकबाप, कालगुक्सू, गिमबाप आणि टॅक्सीवाल्यांची खानावळ इथे उत्तर जवळजवळ नेहमी हो असतं. रांजणगाव, तळेगाव, माणगावच्या कोरियन कारखान्यांतून ट्रेनिंगला जाणाऱ्यांना मी हेच चार शब्द लिहून देते.

आत बसल्यावर चमचे-काड्या शोधत बसू नका, बऱ्याच ठिकाणी त्या टेबलाच्या कडेच्या खणात असतात. पाणी पुष्कळदा आपण आणायचं. बान्चान, म्हणजे त्या छोट्या वाट्या, फुकट असतात आणि संपल्या की पुन्हा मिळतात. मागायला लाजू नका, फक्त टाकू नका. वाढणाऱ्या वयस्क बाईंना हाक मारायची ती ‘इमो!’. इमो म्हणजे आईची बहीण. आपण खानावळीत ‘मावशी’ म्हणतो, तेच नातं, तोच स्वर. वाढणारी तरुण मुलगी असेल तर मात्र ‘यॉगियो’, म्हणजे ‘इकडे जरा’, म्हणावं.

पैसे उठून गल्ल्यावर द्यायचे. टिप नसते, ठेवलीत तर कुणीतरी विसरलेले पैसे द्यायला धावत येईल. निघताना स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणायचं, ‘जाल मॉगॉस्सुम्निदा’, छान जेवले. सॉम्यॉनच्या त्या सकाळी मला हे शब्द येत नव्हते. चौथ्या दिवशी मी ते म्हटले, तेव्हा पातेल्यावरच्या बाईंनी पळी तशीच हातात धरून मागे वळून पाहिलं, आणि पाचव्या दिवशी माझ्या वाटीत जवळा जरा जास्तच होता.